तीन दिवसांचा प्लायवुडचा रोबोट: रोबोकॉन २०२४ च्या तयारीचा अनुभव

रत्नागिरी जिल्ह्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी यंत्र अभियांत्रिकी शिकवतो आणि विद्यार्थ्यांच्या रोबोटिक्स संघाचे काम पाहतो. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात आमचा संघ पहिल्यांदाच राष्ट्रीय रोबोकॉन स्पर्धेत उतरला. नियमपुस्तिका हाती आल्यावर महिनोन्‌महिने आराखडे काढत न बसता आम्ही आधी तीन दिवसांत प्लायवुड, पीव्हीसी पाइप आणि भंगारातल्या मोटारी वापरून एक कच्चा रोबोट उभा केला होता. ही गोष्ट कानावर गेल्यापासून किनाऱ्यावरच्या इतर महाविद्यालयांतील सहकारी एकच प्रश्न विचारतात: असा घाईघाईने बांधलेला रोबोट खरोखर उपयोगी पडतो, की मुळातच तुटपुंजा असलेला वेळ आणि पैसा त्यात खर्ची पडतो? माझे उत्तर असे, की तो उपयोगी पडतो. मात्र त्यातून तयार आराखडा मिळेल या आशेने तो बांधला, तर निराशा होते. तो काही प्रश्नांची उत्तरे देतो, आणि प्रश्न आधी नीट लिहून ठेवलेले असतील तरच देतो. आमच्या बाबतीत हे कसे घडले, ते परवानग्यांपासून हिशेबापर्यंत सविस्तर लिहितो.

रोबोकॉन ही आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनची स्पर्धा २००२ साली टोकियोत सुरू झाली. दरवर्षी यजमान देश नवा विषय ठरवतो. २०१४ साली ती पुण्यात झाली होती आणि २०२२ साली भारताकडे यजमानपद असताना विषय चक्क लगोरीचा होता. २०२४ साठी व्हिएतनामने भातशेती हा विषय दिला. सामना तीन मिनिटांचा आणि प्रत्येक संघाचे रोबोट दोन. पहिल्या रोबोटने रोपे उचलून लावणीच्या जागी उभी करायची, मग दाणे म्हणून ठेवलेले चेंडू वेचून साठवणीच्या भागाकडे पाठवायचे. दुसरा रोबोट पूर्णपणे स्वयंचलित. त्याने आपल्या संघाच्या रंगाचे, म्हणजे लाल किंवा निळे, चेंडू ओळखून कणग्यांत टाकायचे. कणग्या पाच, प्रत्येकीत तीन चेंडू मावतात. जांभळे चेंडू म्हणजे पोचट दाणे, ते टाळायचे. दोन्ही रोबोटांचे मिळून वजन ५० किलोच्या आत हवे. आमच्या संघातली निम्मी मुले आषाढात घरच्या शेतात लावणीला उतरणारी असल्यामुळे रोप कसे धरावे आणि कसे सोडावे, याबद्दल प्रत्येकाचे ठाम मत होते, आणि नियम वाचून झाल्यावरचा पहिला आठवडा केवळ वादात गेला.

तीन दिवसांत रोबोट बांधण्याची कल्पना आमची नव्हे. डीन केमन यांनी अमेरिकेत १९८९ साली स्थापन केलेल्या ‘फर्स्ट’ या संस्थेतर्फे शाळकरी मुलांसाठी रोबोटिक्स स्पर्धा होते. तिचा पहिला हंगाम १९९२ चा. खेळ जानेवारीत जाहीर होतो. २०१९ पर्यंत तिथे सहा आठवड्यांनी रोबोट पिशवीत घालून सीलबंद करावा लागे. २०२० पासून ती अट गेली. त्या स्पर्धेत २०१३ पासून काही अनुभवी मंडळी खेळ जाहीर होताच ७२ तासांत चालता रोबोट बांधतात आणि त्याची चित्रफीत सर्वांसाठी खुली करतात. त्यावर तिथे दोन मते आहेत. एका मताप्रमाणे नवख्या संघांना त्यातून आधार मिळतो. दुसऱ्या मताप्रमाणे सगळे रोबोट एकाच साच्यातले होतात आणि विचार करण्याचे काम मुलांच्या हातून जाते. आमच्या तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने या चित्रफिती दाखवल्या, तेव्हा आमच्या वर्कशॉपमध्येही हाच वाद झाला. अखेर ठरले, की दुसऱ्याचा रोबोट पाहायचा नाही. आपला आपण बांधायचा. आपल्याला तर त्याची गरज अधिक, कारण चुकीचा सुटा भाग मागवला की तो बदलून येण्यात आठवडा-दीड आठवडा जातो.

विषय ऑगस्टअखेरीस कळला होता आणि गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला होती. कोकणात चतुर्थी तोंडावर आली की मुलांना थांबवणे शक्य नसते आणि थांबवूही नये. म्हणून १५ ते १७ सप्टेंबर, शुक्रवार ते रविवार, हे दिवस ठरवले. या तीन दिवसांच्या परवानग्या मिळवायला बांधणीपेक्षा अधिक वेळ लागला. विभागप्रमुखांच्या शिफारशीसह प्राचार्यांच्या नावे अर्ज, रात्री अकरापर्यंत वर्कशॉप उघडे ठेवण्यासाठी वर्कशॉप अधीक्षकांचे ना-हरकत पत्र, सुरक्षारक्षकाकडे नावांची यादी, मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिकांना वेगळे पत्र, आणि प्रत्येक पालकाचे संमतीपत्र, एवढे कागद लागले. अर्ज दोनदा परत आला. एकदा कोणत्या रात्री कोणते शिक्षक उपस्थित असतील हे लिहिले नव्हते म्हणून, आणि एकदा अग्निशामक व प्रथमोपचार पेटीचा उल्लेख नव्हता म्हणून. दोन्ही हरकती रास्त होत्या. ज्यांना हे करायचे असेल त्यांनी या दोन गोष्टी पहिल्याच अर्जात घालाव्यात आणि सगळे कागद एकाच फायलीतून फिरवावेत, कारण सुटे कागद वेगवेगळ्या टेबलांवर अडकतात.

शुक्रवारी सकाळी फळ्यावर तीन प्रश्न लिहिले. रोप एकेक उचलायचे की एकदम अनेक? चेंडू आत घ्यायला फिरता रोलर चांगला की चिमटा? आणि कॅमेऱ्याला निळा व जांभळा रंग वेगळे दिसतात का? या तिन्हींपैकी एकाही प्रश्नाशी संबंध नसलेले काम तीन दिवसांत करायचे नाही, असा नियम केला. हा नियम मोडण्याची इच्छा सर्वांना झाली, मलाही झाली, कारण रोबोट वेगाने पळवून बघणे हे कोणालाही अधिक मोहक वाटते. सामान जवळपासचेच होते: मिरकरवाड्याच्या बाजूला होड्यांची कामे करणाऱ्या एका सुताराकडून मरीन प्लायचे तुकडे, गॅरेजमधून जुन्या गाड्यांच्या वायपर मोटारी, स्कूटरची बॅटरी, पीव्हीसी पाइप आणि तो भिंतीला लावायच्या क्लिपा, सायकलच्या ट्यूब, केबल टाय. सगळा खर्च सात हजारांच्या आसपास झाला, त्यातला मोठा वाटा मोटारींचा.

रोलरचा प्रश्न पहिल्याच दिवशी सुटला, आणि तो कसा सुटला हे सांगण्यासारखे आहे. पीव्हीसी पाइपवर सायकलची ट्यूब उलटी करून ताणून बसवली आणि पाइपच्या टोकाला वायपर मोटार जोडली. रोलर आणि जमीन यांच्यातली फट किती ठेवायची, यावर आठवडाभर कागदावर आकडेमोड चालली होती. प्रत्यक्षात मुलांनी बाजूच्या प्लायमध्ये एका मापाची भोके न पाडता उभ्या खाचा कापल्या, म्हणजे नट सैल करून रोलर वर-खाली सरकवता येईल. चेंडूच्या व्यासापेक्षा फट बोटभर कमी ठेवली, की चेंडू झटकन आत ओढला जाई. आणखी थोडी कमी केली, की मोटार गुरगुरून थांबे आणि चेंडू रोलरखाली दाबून बसे. जास्त ठेवली, तर रोलर नुसता चेंडूला कुरवाळत राही. चेंडूत हवा किती भरली आहे यावरही ही फट बदलते, हे कोणत्याही आकडेमोडीत आले नव्हते. तासाभरात योग्य फट सापडली आणि चिमट्याचा विषय कायमचा संपला. भोकांऐवजी खाचा ही युक्ती प्रत्येक संघाने पहिल्या दिवसापासून वापरावी, असे मी आग्रहाने सांगेन.

शनिवारी रोपे घेतली. नियमपुस्तिकेतील मापांप्रमाणे रोपांच्या प्रतिकृती केल्या. पाइपच्या क्लिपांत रोप छान बसत होते, चार-चार रोपे एकदम उचलता येत होती, आणि तरीही लावणी होत नव्हती, कारण ग्रिपर, म्हणजे रोप धरणारा पंजा, वर उचलताना रोप किंचित ओढले जाऊन आडवे पडे. मुलांनी क्लिपा कापून पाहिल्या, तेल लावून पाहिले, रोबोट हळू थांबवून पाहिला. शेवटी संगमेश्वरकडचा एक मुलगा म्हणाला, “सर, आपण तरवा लावताना हात आधी सैल करतो ना, मग वर घेतो. ही क्लिप सैल होतच नाही.” मग क्लिपांऐवजी दोन्ही बाजूंनी सारखे उघडणारे प्लायचे दोन ओठ केले, ते एका छोट्या सर्व्हो मोटारीवर, म्हणजे सांगितलेल्या कोनापर्यंतच फिरणाऱ्या मोटारीवर, चालवले, आणि ओठ उघडल्यानंतर अर्धा सेकंद थांबून मगच उचलायचे, असे प्रोग्राममध्ये लिहिले. रोपे उभी राहू लागली. या अर्ध्या सेकंदाचा मोठा आर्थिक परिणाम पुढे झाला. तोवर आमच्या खरेदीच्या यादीत ग्रिपरसाठी हवेच्या दाबावर चालणारे सिलिंडर, व्हॉल्व्ह आणि टाकी होती. ती सगळी यादी खोडली आणि सुमारे पंचवीस हजार रुपये वाचले.

रविवारचा दिवस रंगांचा होता आणि तो सर्वांत कंटाळवाणा ठरला. उपयोग मात्र त्याचाच सर्वांत अधिक झाला. वर्कशॉपच्या जुन्या ट्यूबलाइटखाली कॅमेऱ्याला निळ्या चेंडूचा सावलीतला खालचा भाग जांभळा वाटे आणि जांभळ्या चेंडूचा उजेडातला भाग निळा वाटे. दुपारी पाऊस लागला आणि वीज गेली. लॅपटॉप आणि कॅमेरा बॅटरीवर चालूच होते, तेव्हा खिडकीच्या उजेडात आकडे पुन्हा पूर्ण बदलले. त्यातून दोन निर्णय झाले. एक, दुसऱ्या रोबोटने स्वतःचा उजेड स्वतः बरोबर न्यायचा, म्हणजे कॅमेऱ्याशेजारी पांढऱ्या एलईडीची पट्टी बसवायची. दोन, कॅमेऱ्याची आपोआप प्रकाश जुळवण्याची सोय बंद करून ते मूल्य स्थिर ठेवायचे. हे दोन्ही निर्णय फेब्रुवारीत झाले असते, तर पुढचे सगळे प्रोग्रामिंग उलटेपालटे झाले असते.

त्या रात्री रोबोट डुगडुगत का होईना, पण चालला. त्याचे चित्रीकरण केले, प्रत्येक जोडणीशेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्रे काढली, मोटारींनी घेतलेला विद्युतप्रवाह वहीत लिहिला, आणि मुले गावाला गेली. सुट्टीत फोनवर आरत्यांच्या मधल्या वेळात चर्चा चालू होती, हे मला नंतर कळले.

सुट्टीनंतर पहिले काम रोबोट सुटा करण्याचे होते. त्याला विरोध झाला. तीन दिवस जागून बांधलेली वस्तू मोडायला कोणाचे मन धजेना, आणि “याच्यावरच सुधारणा करत जाऊ” हा युक्तिवाद ऐकायला सयुक्तिक वाटतो. मी तो मान्य केला नाही. कच्च्या रोबोटवर सुधारणा करत गेलेला संघ मार्चमध्येही प्लायच्याच चौकटीभोवती विचार करत असतो. नवी चौकट त्याला सुचत नाही. आम्ही रोलर आणि ग्रिपर तेवढे चाचणीसाठी टेबलावर बसवले आणि बाकीचे लाकूड सुताराला परत दिले.

तीन दिवसांच्या रोबोटने काय सांगितले नाही, हेही स्पष्ट लिहायला हवे. वेगाबद्दल तो काहीच सांगत नाही. वायपर मोटारी इतक्या संथ होत्या की सगळे स्थिर वाटत होते. पुढे गिअरच्या वेगवान मोटारी बसवल्यावर तेच रोप थांबताना डोलू लागले आणि वेग हळूहळू कमी करण्याचा प्रोग्राम नव्याने लिहावा लागला. वजनाचाही अंदाज त्यातून येत नाही. टिकाऊपणाचा तर मुळीच नाही: दहा मिनिटे चाललेली जोडणी दहा महिने चालेल असे कोणी समजू नये. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत तांब्याची उघडी टोके पावसाळ्यातच हिरवी पडतात, म्हणून प्रत्येक जोडणी सोल्डर करून वर उष्णतेने आवळणारी नळी चढवणे आणि कंट्रोलर बोर्ड सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवणे, हे धडे वेगळे आणि सावकाश शिकावे लागले. दुसरा रोबोट मैदानावर आपण नेमके कुठे आहोत हे कसे ओळखणार, हा सर्वांत अवघड प्रश्न तर आम्ही फळ्यावर लिहिलाच नव्हता. तो तीन दिवसांत बसणारा नव्हताच.

ऑक्टोबर ते डिसेंबर खरेदीत गेले. ठरावीक रकमेवरच्या प्रत्येक वस्तूसाठी तीन दरपत्रके, त्यांचा तुलनात्मक तक्ता, खरेदी समितीची बैठक, मग ऑर्डर, असा क्रम असतो. मधे दिवाळी आली आणि बैठक लांबली. मोटारी आणि मोटर ड्रायव्हर, म्हणजे मोटारींना वीज पुरवून त्या नियंत्रित करणारे बोर्ड, पुण्याहून आले. ॲल्युमिनियमचे पत्रे लेझरने कापून घ्यायला आंबा घाटातून कोल्हापूरला जावे लागे, कारण तिथे उद्यमनगरात लहान कामही घेतात आणि मूल उभे राहिले तर समोर करून देतात. समितीपुढे कच्च्या रोबोटची चित्रफीत दाखवल्याचा लाभ झाला. एरवी “हे नक्की चालणार का” या प्रश्नावर फाईल थांबते, ती या वेळी थांबली नाही. स्पर्धेच्या पहिल्या टप्प्यात आराखड्याची कागदपत्रे द्यावी लागतात, त्यातही सप्टेंबरमधली छायाचित्रे आणि वहीतले आकडे जसेच्या तसे कामी आले.

हिवाळ्यात इतर महाविद्यालयांच्या आणि परदेशी संघांच्या रोबोटांच्या चित्रफिती येऊ लागल्या. त्यांतला एक रोलर आमच्यापेक्षा सरळ चांगला होता. तो आम्ही घेतला, आणि त्यात मला गैर वाटत नाही, कारण तो का चांगला आहे हे मुलांना स्वतःच्या रोलरशी झगडल्यामुळे लगेच समजले. ज्या संघाने स्वतः काहीच बांधलेले नसते, त्याला अशा चित्रफितीत फक्त आकार दिसतो. फट, दाब आणि ट्यूबचा खडबडीतपणा दिसत नाही. ‘फर्स्ट’मधल्या दोन मतांपैकी दुसरे, म्हणजे सगळे रोबोट एकाच साच्यातले होतात हे मत मला इथे पटते, पण ते दुसऱ्यांचे रोबोट पाहत बसणाऱ्यांपुरतेच.

चालत्या रोबोटचे चित्रीकरण पाठवण्याचा टप्पा पार पडल्यावर दिल्लीतल्या राष्ट्रीय स्पर्धेसाठीच्या प्रवासाची चिंता सुरू झाली. त्या वेळी रेल्वेचे आरक्षण १२० दिवस आधी खुले होत असे, त्यामुळे निवड होण्याची वाट न पाहता मंगला एक्स्प्रेसची तिकिटे काढून ठेवली होती. रद्द करावी लागली असती तर थोडे नुकसान झाले असते, पण जुलैत ऐन वेळी तिकीट मिळणे अवघड. जून-जुलैत कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक असते, गाड्या सावकाश धावतात, तेव्हा एक पूर्ण दिवस हाताशी ठेवावा. रोबोट सुटे करून लाकडी पेट्यांत भरले. पेटीच्या झाकणावर आतल्या वस्तूंची यादी आणि महाविद्यालयाच्या शिक्क्याचे पत्र चिकटवले, म्हणजे तपासणीत प्रत्येक पेटी उघडावी लागत नाही. लिथियमच्या बॅटऱ्या अर्ध्या चार्जवर, टोके टेपने झाकून, अग्निरोधक पिशवीत वेगळ्या ठेवाव्यात. त्याच काळात परीक्षा असल्यास विद्यार्थ्यांच्या हजेरीची पत्रे निघण्याआधीच घेऊन ठेवावीत. परतल्यावर ती मिळवणे जिकिरीचे होते.

दिल्लीत वजन आणि मापांची तपासणी विनासायास झाली. मैदानावर पहिल्या रोबोटने रोपे नीट लावली. स्टेडियमचे दिवे आमच्या वर्कशॉपपेक्षा कितीतरी प्रखर होते, तरी रंगांची ओळख एकदाही चुकली नाही. दुसरा रोबोट मात्र आपली जागा ओळखण्यात वारंवार गोंधळला, त्याला पुन्हा पुन्हा आरंभस्थानी आणावे लागले, आणि आम्ही साखळी सामन्यांतच बाहेर पडलो. ज्या तीन प्रश्नांची उत्तरे सप्टेंबरमध्ये शोधली होती, त्या तीन ठिकाणी अडलो नाही. जो प्रश्न राहिला होता, तिथेच अडलो. परतीच्या सुमारास, १४ जुलैला, खेडजवळ दिवाणखवटी बोगद्याबाहेर दरड कोसळून रेल्वेमार्ग बंद पडला होता. आमची गाडी त्यानंतरची असल्याने उशिरावरच भागले.

हिशेब पूर्ण व्हायला सप्टेंबर उजाडला. एकूण खर्च प्रवासासह दोन लाखांच्या आत राहिला. उचल घेतलेल्या रकमेतील प्रत्येक रुपयाला जीएसटीचे बिल लागते, आणि नेमकी कच्च्या रोबोटचीच बिले अडली, कारण गॅरेजवाला आणि सुतार यांच्याकडे साध्या चिठ्ठीपलीकडे काही नसते. लेखा विभागाशी बोलून ती रक्कम किरकोळ खर्चाच्या व्हाउचरवर, विभागप्रमुखांच्या प्रमाणपत्रासह दाखवली. हे आधीच विचारून घेतले आणि मूळ अंदाजपत्रकात ‘चाचणी साहित्य’ असा स्वतंत्र रकाना ठेवला, तर नंतरची धावपळ वाचते.

२०२५ ची स्पर्धा मंगोलियात उलानबातरला होती आणि विषय बास्केटबॉलचा होता. त्या वेळी तीन दिवसांच्या बांधणीचा अर्ज विषय कळल्याच्या आठवड्यातच दिला, आणि नव्या मुलांचा एक वेगळा गट केला, जुन्यांनी त्यांना फक्त सामान आणून द्यायचे. फळ्यावर पहिला प्रश्न त्या वेळी मैदानावरची आपली जागा ओळखण्याचा लिहिला. त्यासाठी रोबोट बांधायचीही गरज नाही, चाकांच्या एका ढकलगाडीवर सेन्सर बसवून ती बॅडमिंटनच्या कोर्टावर फिरवली तरी पुरते.